पहिली गोळी बांधाला

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, डेलमार स्कोगन आमच्या ऑल्डर फोर्क गावाबाहेरच्या चांदमारीवर एका कागदापुढे उभा होता आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. कागदावर गोळ्यांची नऊ भोकं होती. दोनशे यार्डांवरून मारलेली, आणि नऊही एका तळहाताखाली झाकता येतील इतकी जवळजवळ. नेमबाजी कुणीही मान डोलवावी अशी. फक्त ती काळ्या ठिपक्यात नव्हती. ठिपक्यापासून चांगली पाच-सहा बोटं वर आणि डावीकडे सरकून सगळी एकत्र बसली होती.

"हे शक्य नाही," डेलमार म्हणाला.

"मोज," त्याची बायको आर्लिस मागून म्हणाली.

त्यानं तीनदा मोजली होती. पंचेचाळीस वर्षं माणूस बंदुका बनवतोय, आणि त्याच्याच हातच्या बंदुकीनं त्याच्या तोंडावर असं काही मारावं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

आता हा डेलमार कोण, ते सांगायला हवं. तो मोठा माणूस वगैरे मुळीच नाही. मोंटानाच्या डोंगरात अशी दहा गावं असतील आणि प्रत्येकात एक बंदुकीचा कारागीर असेल. पण आमचा कारागीर हलक्या बंदुकांचा. इथं रानमेंढा आणि एल्क हरीण मिळतं ते सहा-सहा तास चढल्यावर, आणि चढणाऱ्याला ठाऊक असतं की खांद्यावरची बंदूक दर मैलाला जड होत जाते. डेलमारची बंदूक साडेपाच पौंडांची, नळी टोकाला करंगळीएवढी. म्हाताऱ्या गुडघ्यांना ती देवासारखी वाटायची.

पण बारीक नळी म्हणजे चिडक्या माणसाशी संसार. जाड नळी दहा गोळ्या सोसते आणि तक्रार करत नाही. बारीक नळी दोन गोळ्यांत तापते आणि तिसरी गोळी मनाला येईल तिकडे जाते. शिवाय हलकी बंदूक गोळी बाहेर पडायच्या आधीच हातात उसळते. डेलमारनं हे सगळं हळूहळू ताब्यात आणलं होतं. नळी आणि लाकडी दस्ता यांच्यात एक डॉलरची नोट सरकेल एवढी फट सोडायची. वाळूची पिशवी दस्त्याखाली ठेवायची, नळीखाली कधीच नाही. डाव्या हातानं दस्ता नुसता टेकवायचा नाही, धरायचा. दोन गोळ्या झाल्या की बंदूक सावलीत उभी करायची आणि आपण कॉफी प्यायची. घाई असेल त्यानं मासे धरायला जावं, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा.

आणि दोन गोष्टी त्याच्या खास स्वतःच्या. एक म्हणजे पहिली गोळी कागदावर मारायचीच नाही. ती निशाणामागच्या मातीच्या बांधाला द्यायची. "नळी झोपलेली असते. तिला आधी उठवा, मग कामाला लावा," तो म्हणायचा. सगळं गाव तसंच करायचं. चांदमारीवर जो येईल तो पहिली गोळी बांधाला मारणार, हे इतकं ठरून गेलं होतं की तसं का, हे विचारायचंही कुणी उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सफाई. बंदूक मालकाच्या हाती द्यायच्या आधी डेलमार गजाला फडकं लावून नळीतून ओढायचा, पांढरं शुभ्र बाहेर येईपर्यंत ओढायचा, आणि शेवटी फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन एकदा आरपार फिरवायचा. न्हाऊमाखू घातल्याशिवाय त्याच्या दुकानातून बंदूक बाहेर पडत नसे. त्याचा जीवच होता त्यात.

जूनमध्ये आर्लिसला पत्र आलं. रानमेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी दर वर्षी हजारो लोक अर्ज करतात आणि सोडत निघते. कित्येक जण अर्ज करता करता मरतात. आर्लिसनं एकतीस वर्षं अर्ज केला होता. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, गुडघे दुखायला लागले, तरी दर वर्षी अर्ज. पत्र फोडलं आणि ती स्वयंपाकघरातच खुर्चीवर मटकन बसली.

"लागला," ती म्हणाली.

"काय लागला?"

"मेंढा लागला, डेल. मला. सहासष्टाव्या वर्षी!"

डेलमारनं पत्र हिसकावून घेतलं, चष्मा शोधला, वाचलं, आणि म्हाताऱ्यानं बायकोला धरून टेबलाभोवती दोन फेऱ्या नाचवलं. मग लगेच दुकानदार जागा झाला. "तुला नवी बनवतो. पाच पौंडांची. अशी बंदूक की खांद्यावर आहे की नाही ते कळणार नाही."

"नवी नको. आयनारची दे."

डेलमारचं नाचणं थांबलं.

आयनार लोकेन म्हणजे आर्लिसचा थोरला भाऊ, डेलमारचा मेहुणा. त्याची बंदूक गेली बावीस वर्षं दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर लटकत होती. ती का लटकत होती, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बावीस वर्षांपूर्वी आयनारला असंच पत्र आलं होतं. तेव्हा तो गावाचा न्हावी होता. पोस्टाशेजारी दुकान, एकच खुर्ची, आणि वस्तरा असा चालवायचा की लोक खुर्चीतच घोरायला लागायचे. मेहुण्यासाठी डेलमारनं बंदूक बनवली, जीव ओतून बनवली. दोघं मिळून डोंगरात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मेंढा दिसला. पावणेतीनशे यार्डांवर, आडवा उभा, जसा काही फोटो काढून घ्यायला आलेला. आयनार पोटावर झोपला, पाठपिशवीवर बंदूक टेकवली, दोन श्वास घेतले आणि चाप ओढला. गोळी मेंढ्याच्या पाठीवरून जाऊन मागच्या दगडाला लागली. दगडाची भुकटी उडालेली डेलमारनं दुर्बिणीतून स्वतः पाहिली. मेंढा एका उडीत धारेपलीकडे गेला. त्याच रात्री बर्फ सुरू झालं ते महिनाभर थांबलं नाही.

"निशाण बरोबर होतं," आयनार म्हणाला. "तुझी बंदूक वर मारते, डेल. वर आणि डावीकडे."

डेलमारला ते झोंबलं. खाली उतरल्यावर तो तडक चांदमारीवर गेला. पहिली गोळी बांधाला दिली आणि पुढच्या तीन कागदावर मारल्या. तिन्ही ठिपक्यात, एकमेकींना चिकटून. तो कागद घेऊन तो ट्रूडीच्या कॅफेत शिरला, भरल्या कॅफेत, आणि केक-पाय ठेवायच्या काचेच्या कपाटावर त्यानं तो भिंतीला ठोकला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला. "चाप ओढताना हात कापला त्याचा, थरथरला, दुसरं काही नाही. आणि तुम्ही रोज त्याच्यापुढे मान वर करून बसता! गळा जपा रे बाबांनो."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कॅफे हसला. डेलमारही हसला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गावाला हिवाळ्यात दुसरा उद्योग नसतो. त्या दिवसापासून आयनारच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण आधी देवाची प्रार्थना करायचा. कुणी गळ्याला मफलर गुंडाळून यायचा. वेंडेल टफ्ट हा लाकूडवाला तर वस्तरा लागायच्या आधीच किंचाळायचा. एकदा तसाच किंचाळताना तो हलला आणि खरंच कापलं. मग काय विचारता!

आयनार वस्तरा चालवताना आपल्या हाताकडे बघायला लागला. हाताकडे बघत बघत दाढी करणं म्हणजे पायांकडे बघत जिना उतरणं. दीड वर्षात त्यानं दुकान बंद केलं आणि वेंडेलच्याच वखारीत फळ्या मोजायला लागला. बंदूक डेलमारला परत दिली. "ठेव तुझी तुझ्याकडे," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो कधी डोंगरात गेला नाही. दर रविवारी चर्चनंतर बहिणीकडे जेवायला यायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा. बावीस वर्षांत मेंढ्याचं नाव त्या टेबलावर निघालं नाही.

तर ती बंदूक आर्लिसनं मागितली.

"ती कशाला? तिला अपशकुन चिकटलाय," डेलमार म्हणाला.

"बंदूक चांगली आहे, असं तूच ट्रूडीच्या भिंतीवर ठोकून ठेवलंयस ना? मग दे मला."

डेलमारनं खिळ्यावरून बंदूक उतरवली. त्यानं दस्ता बोटभर आखूड केला, बंदुकीवरची दुर्बीण जुळवली, आणि तिला चांदमारीवर नेऊन पहिली गोळी बांधाला दिली. बाकीच्या कागदावर ठिपक्यात बसल्या. तो खूश झाला. आर्लिस झाली नाही.

"डेल, डोंगरात बांध कुठं असतो?"

"म्हणजे?"

"मेंढ्याला मी काय सांगू, थांब रे बाबा, ही गोळी नळी उठवायची आहे, तुझी पुढची? तिथं पहिलीच गोळी खरी. दुसरी ऐकायला कोण थांबतंय?"

"आर्लिस, पंचेचाळीस वर्षं..."

"मी चाळीस वर्षं नाताळाला लेफ्से लाटतेय. बटाट्याची पहिली पोळी तव्याला चिकटते आणि कुत्र्याला जाते, मान्य. पण पाहुणा एकच पोळी खाणारा असेल तर? त्याला कुत्र्याची पोळी वाढू?"

मग तिनं आपलं चालू केलं. रोज सकाळी एकटीच गाडी काढून जायची, थंडगार बंदुकीनं एकच गोळी मारायची, कागद गुंडाळून परत आणायची. दुसऱ्या दिवशी तोच कागद त्याच जागी. डेलमारच्या दुकानात हंगामाची गर्दी, त्याला सवड नव्हती. संध्याकाळी मात्र तो बायकोची बंदूक हातात घेऊन नीट साफ करायचा, तेलाचं फडकं फिरवायचा आणि खिळ्यावर लावायचा. प्रेमच ते. "काय म्हणतोय कागद?" असं विचारायचा, आणि ती म्हणायची, "बघू." नवव्या दिवशी तिनं त्याला दुकानातून उठवून आणलं, आणि आता तो त्या कागदापुढे उभा होता.

"दुर्बीण हलली असेल," तो म्हणाला.

"मग मार तू."

तो बाकावर बसला. सवयीनं पहिली गोळी बांधाला दिली. दुसरी, तिसरी कागदावर. थांबला, बंदूक सावलीत उभी केली. कॉफी प्यायची शुद्ध नव्हती, नुसताच उभा राहिला. मग चौथी. दोघं चालत कागदापर्यंत गेले. तिन्ही भोकं ठिपक्यात होती, अगदी मधोमध. आणि वर डावीकडे आर्लिसची नऊ, तशीच्या तशी.

डेलमार हळूहळू वळला आणि मागच्या मातीच्या बांधाकडे बघायला लागला. गवत उगवलेला, पावसानं चिरलेला साधा बांध. पंचेचाळीस वर्षांच्या पहिल्या गोळ्या त्याच्या पोटात होत्या. त्या कुठं लागल्या, ते एकदाही कुणी पाहिलं नव्हतं. बघायचंच नाही, असा नियम होता, आणि नियम त्यानंच केला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका गडद असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

"आज साफ करू नकोस तिला," आर्लिस म्हणाली. "हात लावू नकोस. तशीच मळकी राहू दे."

"का?"

"मला एक शंका आहे. आधी बघते, मग सांगते."

ती रात्र डेलमारनं कशी काढली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मळकी बंदूक खिळ्यावर ठेवून झोपायची त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ. सकाळी दोघं गेले. थंड नळी, मळकी नळी, एकच गोळी. कागदावर, ठिपक्यात. त्याच्या पुढच्या सकाळीही ठिपक्यात. तिसऱ्या सकाळीही.

म्हणजे नळी झोपलेली नव्हती. नळीत त्याचं तेल होतं. ओल्या, गुळगुळीत नळीतून पहिली गोळी निसटायची आणि करंगळीएवढ्या पोलादाला तेवढ्यानं वेगळा हेलकावा बसायचा. ती गोळी तेल पुसून न्यायची आणि पुढच्या सगळ्या शहाण्यासारख्या वागायच्या. गावातले बाकीचे शिकारी वाचले ते केवळ आळशी म्हणून. दुकानातून नेलेली बंदूक ते चांदमारीवर चार गोळ्या मारून मळकी करायचे आणि तशीच डोंगरात न्यायचे. परत पुसायचे कष्ट कोण घेतो?

डेलमारला तो तंबू आठवला. मेंढा दिसायच्या आदल्या संध्याकाळी आयनार म्हणाला होता, "राहू दे रे, डेल, चांगली आहे ती." आणि डेलमार म्हणाला होता, "माझ्या मेहुण्याची बंदूक आरशासारखी हवी." कंदिलाशेजारी बसून त्यानं फडकं पांढरं येईपर्यंत ओढलं होतं. शेवटी तेल. दोन थेंब.

तो चांदमारीच्या खडीवर बसला. बसला म्हणजे खालीच बसला, बाक शेजारी असून. तोंडावर हात ठेवला.

"त्याचा हात कापला नव्हता," तो म्हणाला.

आर्लिसनं बंदूक बाकावर ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

"बंदुकीचं मला काय ठाऊक असणार?" ती म्हणाली. "पण माझ्या भावाचा हात मला ठाऊक होता. लहानपणी माझ्या तळपायातला काटा तोच काढायचा, आणि मला कळायचंसुद्धा नाही. बावीस वर्षं मी तुला हे सांगू शकले नाही, कारण तुझ्याकडे कागद होता आणि माझ्याकडे काहीच नव्हतं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर डेलमारला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी दुपारी तो आर्लिसच्या नऊ सकाळींचा आणि मळक्या नळीच्या तीन सकाळींचा, असे दोन कागद घेऊन आयनारच्या घरी गेला. वखारीमागचं दोन खोल्यांचं घर, अंगणात रचलेली चुलीची लाकडं. आयनार चौऱ्याहत्तरचा, एकटाच राहणारा. दारात मेहुणा बघून त्याला नवल वाटलं. रविवार नव्हता.

"कुणी गेलं का?" त्यानं विचारलं.

"नाही. बस. बस तू, आयनार. मला काही दाखवायचंय."

स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोघं बसले. डेलमारनं सगळं सांगितलं. मध्ये थांबला नाही, स्वतःला वाचवलं नाही. तेल, तंबू, बांध, नऊ सकाळी. मग दोन्ही कागद पुढे सरकवले. आयनारनं आर्लिसच्या नऊ भोकांचा कागद उचलला आणि उजेडाकडे धरला.

कागद फडफडायला लागला.

डेलमारला वाटलं, गहिवरला बिचारा. त्यानं नजर खाली वळवली. पण कागदाची फडफड थांबेना. मग त्याचं लक्ष टेबलावरच्या कपाकडे गेलं. तान्ह्या पोराला देतात तसा झाकणाचा, दोन कानांचा कप. आयनारच्या शर्टाला बटणं नव्हती, चिकटपट्ट्या होत्या. आणि डेलमारच्या डोक्यात रविवारची सगळी जेवणं एकामागून एक उघडत गेली. आयनारला रस्सा नेहमी आर्लिस वाढते. मांस आतूनच कापून आणते. तो डावा हात उजव्यावर दाबून बसतो. किती रविवार! आणि आपण समोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तीन वर्षं झाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की सकाळी जरा बरा असतो." आयनारनं कागद खाली ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो हात धरला. "शेवटी तू म्हणालास तेच झालं बघ. फक्त एकोणीस वर्षं उशिरा."

"आयनार..."

"थांब. मला बोलू दे." म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. "मी चाप ओढला तेव्हा दुर्बिणीतले काटे मेंढ्याच्या खांद्यावर होते. हलले नव्हते. मला ठाऊक होतं, डेल. पहिली चार-पाच वर्षं मला अगदी पक्कं ठाऊक होतं. मग रोज ऐकून ऐकून तुमचं खरं वाटायला लागलं. सगळं गाव खोटं कसं बोलेल? मी स्वतःलाच म्हणायला लागलो, कापला असेल बाबा. तुझ्या थट्टेचं मला एवढं काही नाही. पण मला जे ठाऊक होतं, तेही तू घेऊन गेलास."

डेलमारला रडू आलं. सत्तर वर्षांचा माणूस मेहुण्याच्या टेबलावर डोकं ठेवून रडला, आणि आयनारनं त्याला रडू दिलं. उगाच थोपटलं वगैरे नाही. ते बरोबरच केलं असं माझं मत आहे.

मग डेलमारनं नाक पुसलं आणि म्हणाला, "वस्तरा आहे तुझा?"

"कशाला?"

"माझी दाढी कर."

"वेड लागलंय का तुला? हात बघतोयस ना?"

"बघतोय. उद्या सकाळी येतो. गोळी घेऊन ठेव."

"डेल, मी तुझा गळा कापीन."

"काप," डेलमार म्हणाला. "माझी तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो आला तेव्हा खुर्ची खिडकीशी ओढलेली होती आणि पाणी तापलेलं होतं. टॉवेल घडी करून ठेवलेला. वस्तरा लखलखीत. वीस वर्षं गिऱ्हाईक नव्हतं, पण वस्तऱ्याला धार लावणं आयनारनं एक महिनाही चुकवलं नव्हतं. डेलमारनं मान मागे टाकली आणि डोळे मिटले नाहीत. आयनारनं डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं. एक ओढ, मग थांबायचं. हाताची थरथर जरा बसली की पुढची ओढ. गालावर लागलं. हनुवटीवर लागलं. "सोडू?" आयनारनं विचारलं. "नाही," डेलमार म्हणाला. गळ्याशी आल्यावर आयनार खूप वेळ थांबला. त्याचा श्वास डेलमारला ऐकू येत होता. एका दाढीला तास लागला.

तिथून डेलमार सरळ ट्रूडीच्या कॅफेत गेला. हंगामाआधीचा शनिवार, कॅफे गच्च भरलेला. तो काउंटरच्या मागे शिरला, काचेच्या कपाटावरचा पिवळा पडलेला कागद त्यानं उपटून काढला आणि त्या जागी नऊ भोकांचा ठोकला. हातोडी त्यानं खिशातच आणली होती.

"अरे, हे काय?" ट्रूडी म्हणाली. "आणि तुझ्या तोंडाला काय झालं?"

"अंगणच वाकडं होतं," डेलमार म्हणाला.

मग त्यानं उभ्यानं सगळं सांगितलं. बंदूक मी बनवली, तेल मी लावलं, गोळी माझ्यामुळे चुकली आणि खोटं मी बोललो. बावीस वर्षं या भिंतीवर जे टांगलं होतं ते खोटं होतं. आयनार लोकेननं त्या दिवशी जिथं धरायची तिथंच बंदूक धरली होती. आणि परवा आर्लिस डोंगरात जाईल ती मळकी बंदूक घेऊन, पायथ्याच्या तळावर दुर्बिणीला डोळा लावून आयनार बसेल, मी घरी बसेन.

पंचेचाळीस वर्षं ज्याचा शब्द वेदवाक्य मानला, तोच असं बोलतोय म्हटल्यावर लोकांना तोंड कुठं वळवावं कळेना. काही जण उगाच कॉफीत बघत राहिले. आपण आपल्या पहिल्या गोळ्या कुठं घातल्या, हेही काही जणांच्या मनात आलं असेल.

वेंडेल टफ्ट कोपऱ्यात बसला होता. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय? त्याच्या तोंडून निघून गेलं, "आयनारनं केलीय ती दाढी? मग गळा..." आणि तो मध्येच थांबला. कानापर्यंत लाल झाला.

डेलमार त्याच्या टेबलापाशी गेला. वाकला, हनुवटी वर केली आणि दिव्याखाली मान धरली. गालावर दोन जखमा होत्या, हनुवटीवर दोन, त्यातली एक अजून ओली होती.

"त्याचा हात आता कापतो," तो म्हणाला. "तेव्हा कापत नव्हता. बघ नीट, वेंडेल. गळ्यावर एकही नाही."